नागुबाईच्या नावाचे दोनशे डबे

लातूरच्या गंजगोलाईतून जे रस्ते फुटतात, त्यातल्या एकावर माझं भांड्यांचं दुकान आहे. दुकान वडिलांनी, ईश्वरप्पांनी, घातलं. मी मन्मथ. चाळीस वर्षं झाली, त्याच गादीवर बसतोय. स्टील, पितळ, तांबं सगळं विकतो, पण लोक मला ओळखतात ते नाव टाकणारा म्हणून. आमच्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव टाकून घेतल्याशिवाय गिऱ्हाईक हलत नाही. विजेवर चालणारी एक लेखणी असते, ती टर्रर्र आवाज करत धातूवर अक्षरं कोरते. लग्नाच्या आहेराची भांडी असली तर देणाऱ्याचं नाव. घरात कुणी गेलं आणि त्याच्या आठवणीत तांबे, ताटल्या वाटायच्या असल्या तर गेलेल्याचं नाव.

या दुसऱ्या कामात मी फार तयार आहे, निदान मी तसं समजत होतो. दुःखातला माणूस एका चिठ्ठीवर नुसतं नाव लिहून देतो. पुढचं-मागचं त्याला सुचत नाही. मग ते मी लिहितो. मराठ्यांचं घर असलं तर कै., आमच्या लिंगायतांत लिंगैक्य, बौद्धांत कालकथित, मुसलमान गिऱ्हाईक असलं तर मरहूम. कधी गेले, कशानं गेले, हे विचारायचं नाही. न विचारता बरोबर लिहायचं, ही आमच्या धंद्यातली माणुसकी. याच माणुसकीनं माझी फजिती केली, ती सांगतो.

फाल्गुनात एक दिवस दुपारी एक बाई दुकानात आली. बत्तीस-तेहतीसची, चष्मा, खांद्याला मोठी पिशवी. पिशवीतून तिनं एक जुना तीन पुडांचा डबा काढला आणि गल्ल्यासमोर ठेवला. एका बाजूला कडी, बुडाला मोठा पोचा, वरच्या झाकणावर नाव: नागुबाई भीमा गजभारे.

"अप्पा, असा डबा पाहिजे."

"असे डबे आता येत नाहीत, ताई. आता प्लास्टिकच्या झाकणाचे येतात. आतलं सांडत नाही, आणि दिसायलाही..."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. दोनशे पाहिजेत."

मी चष्मा वर केला. दोनशे म्हटल्यावर कुणीही करेल.

तिचं नाव लुंबिनी गजभारे. राहायला नांदेडला. तिचं काम काय, हे समजायला मला दोन चहा लागले. सिनेमात ज्या वस्तू दिसतात, त्यातली एखादी लोकांच्या मनात घर करून बसते. तशीच वस्तू ही पोरगी घडवून घेते. लोक ती हौसेनं घेतात, जपतात, संग्रहात ठेवतात.

"म्हणजे शोकेसमधली बाहुली," मी म्हणालो.

"नाही अप्पा. मी फक्त वापरायच्या वस्तू करते. शोकेसमध्ये ठेवली तर ती वस्तू मेली."

मराठवाड्यात चित्रित झालेला एक लहानसा मराठी सिनेमा होता. त्याचं नाव मला कधी धड आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. त्यातल्या कंडक्टरच्या तिकिटांच्या पत्र्याच्या ट्रेवरून तिनं टेबलावर पेना ठेवायचा ट्रे केला होता, आणि तो हातोहात गेला होता. आता त्याच सिनेमातला डबा करायचा होता.

"सिनेमातला डबा? त्यात सोनंबिनं होतं का?"

"भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती," ती म्हणाली, अगदी गंभीरपणे. मग मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

हा डबा खरा तिच्या घरचा. लोह्याजवळच्या एका खेड्यात तिचा जन्म. वडील भीमा मुदखेडला ठेकेदाराकडे रुळांच्या कामावर होते. ती सातवीत असताना ते गेले. आई नागुबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. पोरगी दहावीला चांगली निघाली, म्हणून आईनं तिला अकरावी-बारावीला लातूरला ठेवलं. मेस परवडण्यासारखी नव्हती. मग खेड्यापाड्यातली सगळी घरं करतात तेच तिनं केलं: सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागे डबा ठेवायचा, आणि पोरीनं तो लातूरच्या स्टँडवर उतरवून घ्यायचा. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. लातूरकरांना यात काही नवल नाही. सकाळी स्टँडवर जा, एकेका गाडीतून तीस-चाळीस डबे उतरतात आणि पोरं त्यांच्यावर तुटून पडतात. डब्यावर नाव नसलं तर दुसऱ्याच्या आईची भाजी खावी लागते.

नागुबाईला वाचता येत नव्हतं. पण संध्याकाळी चाळीस डब्यांतून आपला डबा हुडकता हुडकता आपल्या नावाचा आकार तिला पाठ झाला होता. सहाशेच्या वर खेपा त्या डब्यानं केल्या. नागुबाईनं मात्र लातूर कधी पाहिलं नाही.

लुंबिनीला डॉक्टर व्हायचं होतं, मार्क कमी पडले. चित्रं बरी काढायची, म्हणून नांदेडला चित्रकलेकडे गेली. मग वस्तूंची रचना करायचं शिकली आणि चार वर्षं पुण्याच्या एका कारखान्यात कुकरचे दांडे आखत बसली. "चार वर्षं अप्पा, नुसते दांडे," असं ती सांगायची आणि हसायची. आईची तब्येत बिघडली तशी परत आली, आईला नांदेडला आपल्याजवळ आणलं. त्याच सुमारास ते सिनेमावाले लोह्याला आले. त्यांना लागणाऱ्या वस्तू गावोगाव फिरून जमवायचं काम हिला मिळालं, आणि सगळ्यांत आधी तिनं दिला तो आईचा डबा. सिनेमात एक मुलगी लातूरला शिकते, आईवर रुसते आणि रोजचा डबा न उघडता परत पाठवते. आई तरी रोज पाठवतच राहते. शेवटी एक दिवस ती मुलगी स्टँडवर उभ्या-उभ्याच डबा उघडते आणि खाते. संपला सिनेमा. एवढ्यावर लोक ढसाढसा रडले म्हणे, आणि तो डबा कुठे मिळेल म्हणून सिनेमाच्या कंपनीला पत्रं धाडायला लागले.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, जी मला तेव्हा माहीत नव्हती. नागुबाई जिवंत होती. हिवाळ्यात तिला हृदयाचा झटका येऊन गेला होता, आणि डॉक्टरांनी लुंबिनीला बाजूला घेऊन, जपा, फार दिवसांचा भरवसा धरू नका, असं सांगितलं होतं. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या आदल्या रविवारी नांदेडला हे डबे लोकांना द्यायचा कार्यक्रम ठरला होता. तिथे पहिला डबा आईनं स्वतःच्या हातानं द्यावा, एवढ्यासाठी ती पोरगी जीव टाकत होती. मला यातलं तिनं काही सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

मी विचारलं नाही, कारण मी वैतागलो होतो. दोन महिने तिनं मला पिळून काढलं. कडी लावताना जुन्या डब्याची येते तशीच 'खट्' आली पाहिजे, म्हणून माझ्याकडून सात नमुने करून घेतले. आठव्याला डोळे मिटून तीन वेळा कडी लावली, उघडली, आणि मग कुठे मान हलवली. पुडांची उंची अर्ध्या सुतानं चुकली तर परत. नरसिंग, माझा कारागीर, पंचवीस वर्षांत ज्यानं मला उलट उत्तर दिलं नाही, तो म्हणाला, "मालक, ही बाई पुन्हा आली तर मी जेवायला गेलोय म्हणून सांगा."

पण एका दिवसापासून ती मला आवडायला लागली. कंपनीत शिल्पा म्हणून एक बाई होत्या, त्यांचा मुंबईहून फोन आला. डब्याचा पोचाही सिनेमातल्यासारखाच पाहिजे, गिऱ्हाईक पोचा शोधणार, असं त्यांचं म्हणणं. कडीसाठी माझा जीव घेणारी ही पोरगी फोनवर म्हणाली, "पोचा विकत द्यायचा नसतो, शिल्पा. तो ज्याचा त्यानं पाडायचा." मी मनात म्हटलं, वा गं पठ्ठे.

नाव टाकायची वेळ आली. तिनं चिठ्ठीवर आईचं नाव लिहून दिलं. चिठ्ठी देताना तिचे डोळे भरले. "आई रोज पहाटे चारला उठायची, अप्पा," एवढंच म्हणाली. झालं! माझी चाळीस वर्षांची माणुसकी जागी झाली. मी काही विचारलं नाही, पाण्याचा ग्लास पुढे केला. मनात सगळं जुळवून टाकलं: आई वारली, सिनेमा आईवर, दोनशे भांडी एकाच बाईच्या नावाची. जुन्या डब्यावर नुसतं नाव आहे, कारण तेव्हा बाई हयात होती. पोरीला बिचारीला पुढचं सुचलं नाही. चार दिवस बसून, नरसिंगला हात न लावू देता, मी स्वतः दोनशे झाकणांवर मोत्यासारख्या अक्षरात कोरलं: कालकथित नागुबाई भीमा गजभारे यांच्या स्मरणार्थ. जादा अक्षरांचे पैसे लावायचे नाहीत, असंही ठरवून टाकलं. मोठेपणा बघा माझा.

कार्यक्रमाला अकरा दिवस असताना ती डबे बघायला आली. बरोबर एक म्हातारी होती. बारीक अंगाची, पांढरं लुगडं, दुकानाची एक पायरी चढली आणि धाप लागून स्टुलावर टेकली. मी चहा सांगितला. लुंबिनीनं खोकं उघडलं, वरचा डबा हातात घेतला, झाकण वाचलं आणि पुतळा झाली. मला वाटलं, भरून आलं असेल. म्हणून मी म्हातारीकडे वळून आदबीनं विचारलं, "आपण यांच्या कोण?"

"जयभीम, अप्पा," म्हातारी म्हणाली. "मी नागुबाई. हिची माय."

लुंबिनीनं डबा पटकन खोक्यात टाकला आणि खोकं बंद केलं. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. भीती होती. कित्येक महिने जी गोष्ट ती स्वतःशीसुद्धा बोलली नव्हती, ती मी दोनशे वेळा लिहून ठेवली होती.

"दाव की डबा," नागुबाई म्हणाली. "डागदरला दावायचं म्हून आणलं मला, पर मी आले ती डब्यासाठी. आन लातूर बघायला."

"आई, अजून पॉलिश बाकी आहे."

"असू दे. मी काय त्यात तोंड बघून राहिले का?"

मीही खोटं बोललो. डबे कच्चे आहेत, हात काळे होतील म्हणालो. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, उठली, खोक्यापाशी गेली आणि डबा काढला. मी मनातल्या मनात धरून बसलो होतो की हिला वाचता येत नाही, निभावून जाईल. तिनं झाकणावर बोट ठेवलं. बोट सरकत सरकत नावावर आलं आणि थांबलं.

"हे माझं नाव. हाव ना? पर ह्याच्या आगुदर हे काय हाय? आन मागं येवढी शेपटी कशाची?"

लुंबिनी भिंतीकडे बघत होती. लिहिलं मी होतं, तर सांगायलाही मीच पाहिजे होतं. मी गादीवरून उतरलो, तिच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं, न गाळता. "माय, मी तुम्हाला गेलेली समजलो. माझं चुकलं," म्हणालो. सत्तरीच्या घरातल्या बाईसमोर मी, पासष्टीचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा हात जोडून उभा होतो.

नागुबाईचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो, पण ती हसत होती. धाप लागेपर्यंत हसली.

"तुमचं काय चुकलं, अप्पा? जित्या बाईचं नाव दोनशे डब्यांवर कोण घालतंय?"

खरंच सांगतो, मी आठवून पाहिलं. हजारो बायकांची नावं मी कोरली. कुणाच्या सौ. म्हणून, कुणाच्या मातोश्री म्हणून, आणि सगळ्यांत जास्त गेल्यावर. हयात असलेल्या बाईचं, तिनं केलेल्या कामासाठी, एकही आठवेना. माझी स्वतःची बायको उमादेवी अडतीस वर्षं माझा संसार करते आहे, आणि तिच्या स्वयंपाकघरात एकेका वाटीवर माझ्या वडिलांचं नाव आहे.

"आठ दिवसांत सगळी झाकणं नवी करून देतो," मी म्हणालो.

"आट दिस कामून? एक आत्ता करा. माझ्या म्होरं."

मी कोरं झाकण घेतलं, पेन्सिलीनं रेघ मारली, मशीन चालू केलं. ती टक लावून बघत होती. पहिल्या अक्षराला लेखणी टेकणार, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. "मला जमंल का?"

लुंबिनी म्हणाली, "आई, ते थरथरतं. तुला नको ते."

"माझा हातबी थरथरतोच की. जमंल दोघांचं."

बँकेत आयुष्यभर अंगठा लावलेली बाई माझ्या गादीवर बसली. जुना डबा समोर ठेवला, त्यावरचं नाव बघून बघून लेखणी चालवायला लागली. मी झाकण घट्ट धरलं. पहिल्याच झटक्याला ती दचकली, मग दात आवळले. 'ना'चा काना खाली घसरला. 'गु'चा उकार भलतीकडेच गेला. 'बा' आडवा झाला, आणि 'ई' एवढी मोठी आली की झाकणाची कड गाठली. नवऱ्याचं नाव, आडनाव राहिलंच. तिला घाम फुटला होता. लेखणी ठेवून तिनं झाकण दूर धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"झालं," ती म्हणाली. "येवढंच बास हाय."

लुंबिनीनं ते झाकण तिच्या हातातून घेतलं. कडीच्या आवाजासाठी सात नमुने नाकारणारी ती पोरगी, ते वेडंवाकडं अक्षर बघून माझ्याकडे वळली. "अप्पा, दोनशेवर हेच पाहिजे. असंच. एक रेघसुद्धा सरळ करायची नाही."

लुंबिनीनं झाकणाचा फोटो मुंबईला धाडला, आणि शिल्पाबाईंचा फोन यायचा तो आलाच. सिनेमातल्या डब्यावर पूर्ण नाव आहे, अक्षर सुबक आहे, घेणारे तक्रार करतील. लुंबिनी शांतपणे म्हणाली, "सिनेमातल्या डब्यावर दुकानदारानं लिहिलं होतं. हे माझ्या आईनं लिहिलंय." पलीकडे काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवताना ती हसत होती.

नागुबाई आपल्या हातचं झाकण बसवलेला डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसली. जाता जाता लुंबिनीनं तिला स्टँड दाखवला, खोली होती ती गल्लीही दाखवली. मी कामाला लागलो. आयुष्यभर सरळ रेघेत लिहिलेल्या हाताला वाकडं लिहिणं किती जड जातं, ते मला या वयात कळलं. कागदावर ते अक्षर आधीच छापून घेतलं होतं, ते गिरवलं, फसलो, पुन्हा गिरवलं. नरसिंग हळूच म्हणाला, "मालक, तो 'बा' जरासा उभा करू का?" मी त्याला जेवायला पाठवलं.

कार्यक्रमाला मी उमादेवीला घेऊन नांदेडला गेलो. सकाळची वेळ होती. सभागृह भरलं होतं, टेबलावर बाकीचे डबे रचले होते. निवेदकानं सांगितलं, आता नागुबाई पहिला डबा पाहुण्यांच्या हाती देतील. लुंबिनीनं टेबलावरचा एक डबा उचलून आईपुढे केला. नागुबाईनं तो घेतला नाही. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून तिनं आपला डबा काढला, तिच्या हातचं झाकण असलेला, आणि पाहुण्यांना ओलांडून थेट पोरीच्या हातात दिला.

डबा जड लागला म्हणून लुंबिनीनं चमकून आईकडे पाहिलं.

"दोन वर्सं गारच खाल्लंस, पोरी," नागुबाई म्हणाली. "आज ऊन हाय. आधी खाऊन घे."